बर्फकवचाचे प्रयोग: युरोपा आणि एन्सेलाडस शाळेच्या टेबलावर

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गुरूचा बर्फाळ उपग्रह युरोपा मांडायचा म्हटलं की थर्माकोलचा गोळा कापायचा, आत तपकिरी खडक, त्यावर निळा समुद्र आणि वर पांढरं कवच रंगवायचं, असा रिवाज पडून गेलाय. गोळा दिसतो छान. पण परीक्षकांनी "हे कवच एवढंच जाड का? त्याला तडे का जातात?" असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. कवचाचं वागणं मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे खालच्या समुद्राकडून वर किती उष्णता जाते, आणि दुसरी म्हणजे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के जादा जागा मागतं. या दोन्ही गोष्टी घरच्या फ्रीजमध्ये आणि वहीच्या पानावर तपासता येतात. खालचे प्रयोग आठवी ते बारावीच्या मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली जमण्यासारखे आहेत.

गोळा करायचाच असेल तर आधी प्रमाण सांभाळा. युरोपाचा व्यास ३,१२२ किलोमीटर आहे. कवच २० किलोमीटर धरलं, तर ३० सेंटिमीटरच्या गोळ्यावर ते जेमतेम २ मिलिमीटर भरतं, आणि १०० किलोमीटर खोल समुद्र सुमारे १ सेंटिमीटर. शनीचा उपग्रह एन्सेलाडस फक्त ५०४ किलोमीटरचा, त्यामुळे त्याच मापाच्या गोळ्यावर २० किलोमीटरचं कवच १.२ सेंटिमीटर होतं, आणि दक्षिण ध्रुवाजवळ, जिथे ते ५ किलोमीटरच्या आसपास उतरतं, तिथे ३ मिलिमीटर. बहुतेक मॉडेलांमध्ये युरोपाला दोन-तीन सेंटिमीटरचं कवच दिलेलं असतं. ते बघून मूल चुकीचंच शिकतं.

पहिला प्रयोग: वरून खाली गोठणारा समुद्र

सुरुवात बर्फाच्या लादीपासून करा. लस्सीवाल्याकडे किंवा मासळी बाजारात लादी फोडताना नीट बघा: कडेचा बर्फ काचेसारखा, मधला गाभा पांढरा. कारखान्यात पाण्याचा डबा थंड खारवणात उभा असतो, त्यामुळे गोठणं चारही बाजूंनी आत सरकतं. बर्फाच्या स्फटिकात क्षार आणि विरघळलेली हवा मावत नाही. ती पुढे ढकलली जाते आणि शेवटी मध्यभागी अडकते. उपग्रहांवर हेच घडतं, फक्त गोठणं वरून खाली येतं आणि ढकललेलं मीठ समुद्रात उतरतं.

आपल्याला हवी ती एकच दिशा मिळवायला डबा बाजूंनी आणि तळाने झाकावा लागतो. औषधाच्या होलसेल दुकानात इंजेक्शनं येतात तो जाड थर्माकोलचा डबा मागून घ्या. भिंत निदान ४ सेंटिमीटर हवी. त्यात साधारण २५ बाय १५ सेंटिमीटर तोंडाचा प्लॅस्टिकचा डबा घट्ट बसवा. स्टीलचा डबा घेऊ नका: धातू कडेनं उष्णता काढून घेतो आणि लादीसारखंच चौफेर गोठतं. आत ३ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ ग्रॅम साधं मीठ आणि खाण्याच्या लाल रंगाचे आठ-दहा थेंब घाला. ढवळून टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आकडा घ्या. आरओ बसवायला येणाऱ्यांकडे असतो तोच हा मीटर. मिठाचं प्रमाण याहून फार वाढवू नका, कारण साधे मीटर खऱ्या समुद्राच्या खारटपणापर्यंत पोचतच नाहीत.

पाणी आधी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार करा, मग झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. उणे १८ अंशाला २४ तासांत साधारण ४ सेंटिमीटरचा थर येतो. जुन्या पद्धतीच्या एकदारी फ्रीजमध्ये थंडावा मुख्यतः फ्रीजरच्या पत्र्यातून येतो, म्हणून डब्याखाली थर्माकोलचा आणखी एक तुकडा सरकवा. दार वारंवार उघडू नका. पूर्ण गोठेपर्यंत थांबायचं नाही. साधारण अर्धं पाणी शिल्लक असतानाच बाहेर काढा.

बाहेर काढल्यावर आधी वरून बघा. मधोमध थोडा फुगवटा असतो, कधी त्यातून एखादा तडा गेलेला असतो. कडा डब्याला चिकटलेल्या, खालचं पाणी जागा मागतंय, आणि वाट फक्त वर आहे. मग कडेला छोटं भोक पाडून खालचं पाणी एका भांड्यात ओता. ते मूळच्यापेक्षा गडद लाल दिसतं. बर्फाचा तुकडा वितळवून त्याचा टीडीएस घ्या आणि उरलेल्या पाण्याचाही घ्या.

मोजताना मुलं हमखास एकच चूक करतात: थंडगार पाण्यात मीटर बुडवतात. पाण्याची विद्युतवाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलते, त्यामुळे आकडा कमी येतो. तिन्ही नमुने खोलीच्या तापमानाला आल्यावरच मोजा. अर्धं पाणी गोठलं असेल आणि सगळं मीठ बाहेर ढकललं गेलं असेल, तर उरलेल्या पाण्याचा आकडा मूळच्या दुप्पट यायला हवा. तेवढा येत नाही, कारण काही खारं पाणी स्फटिकांच्या फटींत अडकतं. गोठणं जितकं सावकाश, तितकं कमी अडकतं. युरोपाचं कवच एका दिवसात ४ सेंटिमीटरच्या वेगानं अजिबात वाढत नाही, तेव्हा तिथला बर्फ तुमच्या डब्यातल्यापेक्षा स्वच्छ असायला हवा, असा तर्क मुलांनी स्वतः मांडला तर प्रयोग कामी आला समजा.

या डब्याची एक मोठी उणीव आहे. त्याला खालून उष्णता नाही, म्हणून कवच वाढतच जातं. उपग्रहाच्या कवचाला खालून ऊब मिळते आणि एका जाडीला ते थांबतं. हे दाखवायचं असेल तर तसाच दुसरा डबा तयार करा आणि प्लॅस्टिकचा डबा व थर्माकोल यांच्या मध्ये ४ ते ५ वॉटचा यूएसबी हीटिंग पॅड कोरडा ठेवा. वायर फ्रीजरच्या दाराच्या रबरामधून चपटी बाहेर काढा, चार्जर बाहेर. पॉवरबँक आत ठेवू नका. थंडीत बॅटरी बिघडते. त्याच २४ तासांत या डब्यात पहिल्याच्या निम्म्याहूनही पातळ थर मिळतो.

जाडीचं गणित

हे गणित दहावीच्या मुलाला कॅल्क्युलेटरवर जमतं, आणि फळ्यावर लावायला याच्यासारखा तक्ता नाही. बर्फ जसा थंड होतो तसा उष्णता जास्त चांगली वाहून नेतो. त्याची उष्णतावाहकता ढोबळमानानं ५६७ भागिले तापमान (केल्विनमध्ये) एवढी असते: वितळायच्या आसपास सुमारे २, आणि १०० केल्विनला ५.७. त्यावरून कवचातून वर जाणारी उष्णता अशी काढता येते:

दर चौरस मीटरला वॉट = ५६७ × (तळाचं तापमान ÷ पृष्ठभागाचं तापमान) याचा नैसर्गिक लॉगॅरिथम ÷ जाडी मीटरमध्ये

युरोपाचा पृष्ठभाग १०० केल्विन (उणे १७३ अंश सेल्सियस) आणि तळ २७० केल्विन धरा. २.७ चा नैसर्गिक लॉग ०.९९ येतो. जाडी २०,००० मीटर घातली की उत्तर ०.०२८, म्हणजे २८ मिलिवॉट. जाडी निम्मी केली की उष्णता दुप्पट, ५६ मिलिवॉट. आता उलट वाचा: खालून २८ मिलिवॉट मिळत असतील तर कवच २० किलोमीटरला स्थिरावेल, ऊब वाढली की तळ वितळून ते पातळ होईल, ऊब घटली की खालून गोठत जाईल.

या सूत्रात मुलं अडकतात ते दोन ठिकाणी. सेल्सियस घालतात (इथे केल्विनच हवं), आणि दहाच्या पायाचा लॉग घेतात. दुसऱ्या चुकीत उत्तर २.३ पटीनं लहान येतं, त्यावरून ती लगेच ओळखता येते.

कवचाच्या अर्ध्या खोलीवर तापमान किती, हेही काढून घ्या. सरासरी काढली तर १८५ केल्विन येते, पण ती चूक आहे. वाहकता बदलत असल्यामुळे मधलं तापमान दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ असतं: १०० × २७० चं वर्गमूळ सुमारे १६४ केल्विन, म्हणजे उणे १०९ अंश. थोडक्यात, कवचाचा बराच मोठा भाग कडक थंड असतो आणि मऊपणा तळाकडे एकवटलेला असतो.

हा मऊपणा समजायला आपल्याकडे गुऱ्हाळ आहे. थंड झालेली गुळाची ढेप हातोड्यानं फुटते, तोच गूळ काहिलीत ओघळतो. पदार्थ एकच, बदललं ते तापमान. कवचाचा वरचा थर ढेपेसारखा तडकतो, तळाचा थर हजारो-लाखो वर्षांच्या मोजमापात वाहतो. हा थर पुरेसा जाड असेल तर त्यात अभिसरण सुरू होतं: तळाचा उबदार बर्फ वर चढतो, वरचा थंड खाली बसतो, आणि वरचं कडक झाकण जागचं हलत नाही. अभिसरण सुरू होईल की नाही हे जाडीच्या घनावर अवलंबून असतं, म्हणजे जाडी दुप्पट झाली की त्याचा जोर आठपट. वर दिलेलं सूत्र फक्त वहनाचं आहे. अभिसरण चालू असेल तर ते संपूर्ण कवचाला लावू नका.

बर्फ वाहतो हे दाखवायला वजन बांधलेली तार लादीतून आरपार नेण्याचा प्रयोग बऱ्याच शाळांत करतात. प्रयोग सुंदर आहे, पण तिथे तारेखाली बर्फ वितळतो आणि वर पुन्हा गोठतो. कवचाच्या प्रवाहाचं उदाहरण म्हणून तो मांडू नका.

दुसरा प्रयोग: फुग्यातलं कवच

मोठ्या गोल फुग्यात ९०० मिलिलिटर गार पाणी भरा, हवा पूर्ण काढून गाठ मारा. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचा गोळा होतो. फ्रीजरमध्ये कापडाच्या चुंबळीवर ठेवा, नाहीतर बूड चपटं होतं. आणि दर तासाला थोडा फिरवा. सहा ते आठ तासांत सुमारे १ सेंटिमीटरचं कवच धरतं. अंधारात मागून टॉर्च लावली की आतलं पाणी हलताना दिसतं. मग ब्लेडनं रबर चिरून सोलून काढा.

रबर काढायला गोळा नळाखाली धरू नका. उणे १८ अंशाच्या बर्फावर कोल्हापूरच्या उन्हाळ्यातलं नळाचं पाणी पडलं की तडतड आवाज येऊन आत बारीक जाळी पसरते. हे तापमानाच्या धक्क्याचे तडे आहेत, दाबाचे नाहीत. दाबाचा तडा ओळखायची खूण वेगळी: एक-दोन लांब रेषा पृष्ठभागापर्यंत आलेल्या, आणि त्यांतून पाणी झिरपून वर पांढरी उंचवट्याची कड गोठलेली.

या तड्यांचं गणित असं. ६ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात १ सेंटिमीटर कवच म्हणजे ४२ टक्के पाणी गोठलं. त्याला ९ टक्के जादा जागा हवी, म्हणजे एकूण आकारमानाच्या जवळजवळ ४ टक्के. आतलं पाणी तेवढं दाबलं जाऊ शकत नाही आणि बर्फ तेवढा ताणला जाऊ शकत नाही. पातळ कवचातला ताण = आतला जादा दाब × त्रिज्या ÷ (२ × जाडी). बर्फ ताणाखाली सुमारे १ मेगापास्कलला तुटतो, म्हणजे या गोळ्यात साधारण साडेतीन वातावरणांचा जादा दाब पुरतो (१ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब).

दाब बघायचा असेल तर पकडीत धरलेला खिळा मेणबत्तीवर तापवून तडा नसलेल्या जागी हळू दाबत न्या. आरपार गेला की पाणी क्षणभर उसळतं. डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे हवेतच. पाणी नुसतं ओघळलं तर कवच आधीच कुठेतरी तडकून दाब निघून गेलेला असतो. दुसरा गोळा घ्या.

हेच सूत्र आता उपग्रहांना लावा, कारण इथे विषय खरा रंगतो. बर्फाची घनता ९१७, पाण्याची १,०००. तडा आरपार गेला तरी पाणी आपोआप वरपर्यंत येत नाही. कवच तरंगतंय, त्यामुळे पाणी जाडीच्या सुमारे ९२ टक्क्यांवर थांबतं. २० किलोमीटरच्या कवचात पृष्ठभागाच्या दीडेक किलोमीटर खाली. उरलेली उंची चढायला जादा दाब लागतो. तो = घनतेतला फरक × गुरुत्वाकर्षण × जाडी. युरोपावर (गुरुत्वाकर्षण १.३) तो येतो सुमारे २१ वातावरणं. पण युरोपाची त्रिज्या १,५६१ किलोमीटर. ताणाचं सूत्र लावलं की त्याचं कवच पाव वातावरणाच्या जादा दाबालाच तडकतं. म्हणजे पाणी वर ढकलण्याइतका दाब साठण्याच्या कितीतरी आधी कवच फुटून जातं. एन्सेलाडसवर (त्रिज्या २५२ किलोमीटर, गुरुत्वाकर्षण ०.११३) पाणी चढवायला लागतात सुमारे १.९ वातावरणं, आणि कवच तडकतं १.६ वातावरणांच्या आसपास. दोन्ही आकडे शेजारीशेजारी. छोट्या उपग्रहावर समुद्राचं पाणी बाहेर पडणं इतकं सोपं का, हे या एका तुलनेतून दिसतं.

तड्याच्या खोलीतही तोच फरक आहे. वरच्या बर्फाचं वजन तडा मिटवायला बघतं. युरोपावर १ किलोमीटर खोलीलाच ते वजन सुमारे १.२ मेगापास्कल होतं, म्हणजे बर्फाच्या ताकदीपेक्षा जास्त. एन्सेलाडसवर तेवढ्याच खोलीला फक्त ०.१. कॅसिनी यानाला २००५ मध्ये एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवावर चार समांतर भेगांतून बर्फाचे फवारे उडताना दिसले. या भेगा प्रत्येकी सुमारे १३० किलोमीटर लांब, एकमेकींपासून ३५ किलोमीटरवर आहेत. शनीभोवतीच्या ३३ तासांच्या फेरीत उपग्रह दूरच्या टोकाला असतो तेव्हा फवारा सर्वांत जोरात असतो, कारण तेव्हा भेगा ताणून उघडतात.

तिसरा प्रयोग: कवच वितळलं तर

गोठताना दाब वाढतो, तसा तळ वितळताना तो घटतो. १ किलोमीटर बर्फाचं पाणी सुमारे ९१७ मीटरच भरतं. कवच कडक असेल आणि खाली बसत नसेल तर समुद्रावरचा दाब उतरू लागतो. एन्सेलाडसच्या २० किलोमीटर कवचाखाली दाब मुळातच वीसेक वातावरणं; शनीच्याच मिमास या ३९६ किलोमीटर व्यासाच्या उपग्रहावर त्याहून कमी. युरोपावर तो २४० च्या घरात असतो. छोट्या उपग्रहावर दाब घसरत त्रिबिंदूपर्यंत, म्हणजे ६११ पास्कलपर्यंत, जाऊ शकतो. तिथे बर्फ, पाणी आणि वाफ एकाच तापमानाला एकत्र राहतात, आणि शून्य अंशाच्या समुद्राचा वरचा थर उकळू लागतो. मोठ्या उपग्रहाचं कवच तिथवर पोचण्याआधीच चुरगळून खाली बसतं.

हे दाखवायला २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज पुरते. पाणी दहा मिनिटं उकळा, ६० ते ६५ अंशांपर्यंत निवू द्या. कोल्हापुरात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा थर्मामीटर १०० दाखवत नाही म्हणून तो बिघडला असं समजू नका. सिरिंजमध्ये ५ मिलिलिटर घ्या, हवेचा बुडबुडा बाहेर काढा, तोंड बोटानं घट्ट बंद करून दट्ट्या ओढा. पाणी उकळायला लागतं, गरम न करता. दट्ट्या सोडला की बुडबुडे क्षणात नाहीसे होतात.

सोडल्यावरही बुडबुडे टिकले तर ती वाफ नाही, विरघळलेली हवा आहे: पाणी पुरेसं उकळलं नव्हतं किंवा बोटाकडून गळती आहे. बोटाऐवजी रबरी बूच लावलं तर भाजण्याची भीतीही राहत नाही.

मिमासच्या पृष्ठभागावर जुनीच विवरं आहेत, ताजे तडे नाहीत. तरीही त्याच्या कक्षेच्या मोजमापावरून आत समुद्र असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. मुलांना हे जरूर सांगा, म्हणजे 'गुळगुळीत तोच समुद्राचा' हा समज डोक्यात बसणार नाही.

ऊब येते कुठून

युरोपाची कक्षा किंचित लंबगोल आहे. गुरू त्याला कधी जास्त, कधी कमी ओढतो. या मळण्यातून बर्फ आणि खडक तापतात. कक्षा गोल होऊन हे थांबायला हवं होतं, पण आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांच्या फेऱ्या १:२:४ या वेळेत बांधलेल्या आहेत आणि ते एकमेकांच्या कक्षा गोल होऊ देत नाहीत. एन्सेलाडसचं असंच नातं डायोनीशी आहे.

गुरूच्या उपग्रहांचं हे प्रमाण १०×५० दुर्बिणीतून, स्टँडवर लावून, पन्हाळ्यासारख्या अंधाऱ्या जागेवरून सलग आठ रात्री नोंदवता येतं. रोज ठरावीक वेळी गुरूशेजारी दिसणाऱ्या ठिपक्यांची जागा वहीत काढा. गॅनिमीडची एक फेरी सात दिवसांत, युरोपाची साडेतीन दिवसांत. आयो गुरूच्या उजेडात हरवतो. त्याच्यासाठी लहान टेलिस्कोप लागेल. पावसाळा सोडा. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू सूर्याच्या बरोबर समोर असेल, रात्रभर दिसेल.

प्रदर्शनाच्या दिवशी

फुगा आदल्या रात्री लावू नका. सकाळपर्यंत तो पूर्ण गोठतो. पहाटे चारला ठेवा. नेताना थर्माकोलच्या डब्यात तीन भाग चुरलेला बर्फ आणि एक भाग खडे मीठ, वजनानं, मिसळून त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळा ठेवा. मिश्रण उणे १५ अंशांच्या खाली जातं. मीठ गोळ्याला लागलं तर कवच भोकं पडून गळतं, म्हणून पिशवी दुहेरी घ्या. वीज जाणं गृहीत धरून दोन गोळे वेगवेगळ्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा. परीक्षक आल्यावर आधी डब्यातलं लाल पाणी आणि टीडीएसचे आकडे, मग सिरिंज, आणि खिळ्याचा गोळा सगळ्यांत शेवटी, कारण त्यानंतर टेबल ओलं होतं आणि तक्ते भिजतात.